दुब्रोवनिकहून मोस्तार: एका दिवसात उरकायचं की मुक्काम करायचा?

सोनचाफा

नमस्कार मंडळी, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही क्रोएशियाला जातोय, मी, नवरा आणि आई. आई ६८ वर्षांची आहे, फिरायची हौस दांडगी पण गुडघे आता कुरकुरतात, शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलाय तिनं त्यामुळे कुठेही गेलं की पाटी वाचल्याशिवाय पुढे हलत नाही. दुब्रोवनिकला ५ रात्री बुक केल्यात. तिथून बोस्नियातल्या मोस्तारची डे ट्रिप बरेच लोक करतात असं दिसतंय, सकाळी बसनं जायचं, नेरेत्वा नदीवरचा तो जुना दगडी कमानीचा पूल बघायचा, जेवायचं आणि संध्याकाळी परत. पण आईनं त्या पुलाबद्दल कुठंतरी वाचल्यापासून तिच्या डोक्यात दुब्रोवनिक कमी आणि मोस्तारच जास्त आहे, रोज काहीतरी नवीन विचारते मला.

तर प्रश्न असा की एक दिवस पुरतो का? की दुब्रोवनिकच्या दोन रात्री कमी करून तिकडे राहावं? आजूबाजूला ब्लागाय, पोचितेल, क्राविका धबधबा अशी नावं येतायत, त्यातलं गुडघ्यांना झेपेल असं काय? आणि आई पूर्ण शाकाहारी आहे, तिचे हाल होतील का? कुणी जाऊन आलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

पायपीट

राहाच. मी दोन वर्षांपूर्वी तीन रात्री राहिलो होतो आणि एक रात्र वाढवायला हवी होती असं अजून वाटतं. त्याचं कारण सांगतो, दुब्रोवनिक, स्प्लिट आणि सारायेवोकडच्या बसेस साधारण एकाच वेळी येऊन पोचतात आणि मग सकाळी दहा-अकरापासून चार-पाचपर्यंत पुलावर पाय ठेवायला जागा नसते, पूल आहेच किती रुंद, जेमतेम ४ मीटर. ज्यांची डे ट्रिप असते त्यांना फक्त तेवढेच तास मिळतात आणि मग ते परत जाऊन लिहितात की गर्दी फार होती. संध्याकाळी बसेस गेल्या की गाव मोकळं होतं. मी सकाळी साडेसहाला गेलो तेव्हा पुलावर मी, एक मांजर आणि हातगाडी ढकलत जाणारे एक काका एवढेच होतो, आणि खाली नेरेत्वाचा आवाज ऐकू येत होता जो दिवसा कधीच ऐकू येत नाही. नदीचा रंग खरोखर तसाच आहे जसा फोटोत दिसतो, हिरवा, काचेच्या बाटलीसारखा.

आईंच्या गुडघ्यांचं आधी सांगतो कारण ते महत्त्वाचं आहे. पूल सपाट नाहीये, कमान उंच असल्यामुळे दोन्ही बाजूंनी चांगलाच चढ आहे, आणि वरचा चुनखडीचा दगड लोकांच्या पायांनी इतका गुळगुळीत झालाय की आरशासारखा चमकतो. घसरू नये म्हणून दर पावलावर दगडाची आडवी उंच पट्टी दिलेली आहे, तिच्यावर पाय अडकवत चढायचं. कठडा आहे, त्याला धरून सावकाश गेलं तर जमेल, पण रबरी जाड सोलचे बूट घाला आणि पाऊस पडत असेल तर अजिबात घाई करू नका, माझ्यासमोर एक तरुण मुलगा सरळ खाली बसला घसरून. जुन्या बाजारातले रस्तेसुद्धा नदीतले गोटे उभे रोवून केलेले आहेत, तिथं चाकाची बॅग चालत नाही, उचलावी लागते. म्हणून हॉटेल अगदी पुलाला खेटून घेऊ नका, पाच-सात मिनिटं लांब, गाडी दारापर्यंत येईल असं बघा.

पूल बघायच्या जागा: उत्तरेला कोस्की मेहमेद पाशाची मशीद आहे, १६१७ ते १९ मधली, तिच्या अंगणातून पूल समोरून पूर्ण दिसतो. मिनारावर पण चढता येतं पण जिना गोल, अरुंद, आईंनी अंगणातच बसावं. दक्षिणेला पुढचा पूल आहे, लुच्की मोस्त, तिथून गर्दीशिवाय दिसतो. आणि पश्चिम काठाला खाली नदीजवळ उतरता येतं, तिथून कमान वर बघायची, मान दुखेपर्यंत बघत बसलो होतो मी.

उड्या मारणारे पण दिसतील. कठड्यावर उभे राहतात, टोपीत पैसे जमवतात, पुरेसे जमले की मग उडी. वीस मीटरपेक्षा जास्त उंची आणि खाली पाणी भर उन्हाळ्यात पण बर्फासारखं थंड, त्यामुळे आधी अंगावर गार पाणी ओतून घेतात, नाहीतर शरीराला धक्का बसतो. ही काही पर्यटकांसाठी काढलेली टूम नाही, उडीची पहिली नोंद १६६४ ची आहे आणि १९६८ पासून दर उन्हाळ्यात रीतसर स्पर्धा होते. तुम्ही जाल तेव्हा स्पर्धा झालेली असेल, पण रोजच्या उड्या चालू असतात.

छोटा वाकडा पूल, क्रिवा चुप्रिया, तो चुकवू नका. मोठ्या पुलापासून दोन मिनिटांवर रादोबोल्या नावाच्या ओढ्यावर आहे, १५५८ चा, म्हणजे मोठ्या पुलाच्या आधीचा. मोठ्याची रंगीत तालीम म्हणून हा बांधला असं गावात सांगतात. हुबेहूब त्याचं लहान भावंडं वाटतं.

आजूबाजूचं उद्या लिहितो, आत्ता उशीर झालाय.

बोरूबहाद्दर

एक गोष्ट सगळ्यात आधी तपासा, व्हिसा. बोस्निया शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येतं तो युरोपातल्या देशांचा गट) नाही आणि क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. म्हणजे दुब्रोवनिकहून मोस्तारला गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात. भारतीय पासपोर्टवर मल्टिपल एन्ट्रीचा वैध शेंगेन व्हिसा असेल तर बोस्नियाचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण तुमचा व्हिसा सिंगल एन्ट्री असेल तर परत क्रोएशियात घेणार नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला त्यांच्या एजंटनं "डे ट्रिपच तर आहे, काही होत नाही" असं सांगितलं होतं, बॉर्डरवर बसमधून उतरवलं त्यांना, सगळा दिवस तिथल्या टपरीत गेला. किती दिवस राहता येतं वगैरे नियम बदलत असतात, निघायच्या आधी दूतावासाच्या साइटवर स्वतः वाचा.

दुसरं म्हणजे युरोपचं सिम बोस्नियात रोमिंगमध्ये धरत नाहीत, कारण तो देश युरोपियन युनियनमध्येच नाही. बॉर्डर ओलांडल्यावर डेटा बंद करा आणि नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा. बिल बघून घाम फुटलेला माणूस मी पाहिलाय.

पैसे: तिथलं चलन कन्व्हर्टिबल मार्क, केएम म्हणतात. १ युरोला १.९५५८३ मार्क, हा दर कायमचा बांधलेला आहे कारण मार्क आधी जर्मन मार्कला जोडलेला होता आणि तोच हिशोब पुढे युरोला आला. जुन्या बाजारात युरो घेतात पण बेकरीत, लोकल बसमध्ये मार्कच लागतात. आणि उरलेले मार्क तिथेच संपवा, बाहेर कुणी बदलून देत नाही सहजासहजी.

दहीभात

शाकाहाराचं मी सांगते कारण मी पण शाकाहारी आणि ९ दिवस बोस्निया फिरलेय. हाल होत नाहीत, फक्त एक शब्द पक्का करा. बोस्नियात "बुरेक" म्हणजे मांसाचाच. बाकीच्या देशांत चीजचा बुरेक, पालकाचा बुरेक असं म्हणतात, इथं नाही म्हणत. इथं बिनमांसाचे प्रकार वेगळ्या नावानं मागायचे: सिरनित्सा म्हणजे चीजचा, झेल्यानित्सा म्हणजे पालक आणि चीजचा, क्रोम्पिरुशा म्हणजे बटाट्याचा. सगळ्यांना मिळून "पिता" म्हणतात. पातळ पोळीसारखं पीठ ताणून ताणून कागदाएवढं करतात, त्यात सारण भरून गुंडाळी करून तव्यात गोल गोल वेढे घालतात आणि भाजतात. सकाळी गरम गरम झेल्यानित्सा आणि वर पातळ दही, आईंना नक्की आवडेल, मी तर तीन दिवस तेच खाल्लं. दुपारी नंतर गेलं तर संपलेलं असतं किंवा गार झालेलं असतं, त्यामुळे सकाळीच जा.

क्रोम्पिरुशा मात्र विचारून घ्या, बेकरीत मांसाच्या बुरेकशेजारीच ठेवलेला असतो आणि सुरी एकच असते, ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी सांगावं. "बेझ मेसा" म्हणजे बिनमांसाचं, एवढं म्हटलं की समजतात. हॉटेलात शोप्स्का सॅलड (काकडी-टोमॅटोवर किसलेलं चीज), आयवार (भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी, तिखट नाही), कायमाक म्हणजे साय, आणि सोमुन म्हणजे जाळीदार मऊ पाव, यावर एक जेवण आरामात होतं. "सोगान दोल्मा" भरलेला कांदा असतो, दिसायला आपल्या भरल्या कांद्यासारखा, पण आत खिमा असतो, फसू नका.

आणि कॉफी! आईंना बोस्नियन कॉफी प्यायला बसवा, उभ्या उभ्या पिऊन उठू नका. तांब्याच्या छोट्या ताटात येते, लांब दांड्याचं भांडं जेज्वा, बिनकानाचा छोटा कप फिल्जान, साखरेचा खडा आणि राहत लोकुमचा तुकडा. गाळलेली नसते, गाळ खाली बसू द्यायचा, मग वरचा फेस चमच्यानं कपात घ्यायचा आणि त्यावर कॉफी ओतायची. साखर कपात घालत नाहीत, खड्याचं टोक कॉफीत बुडवून तो चावायचा आणि वर घोट घ्यायचा. मला हे एका दुकानातल्या आजींनी हातात हात धरून शिकवलं, भाषा एकमेकींची कळत नव्हती तरी. आणि मग लक्षात आलं की अगदीच कळत नाही असंही नाही, चहाला "चाय", बदामाला "बादेम", साबणाला "सापुन", शत्रूला "दुश्मानिन", गल्लीवस्तीला "महाला". तुर्की आणि फारसीमधून तिकडे गेले तेच शब्द आपल्याकडेही आले. आईंना शब्द जमवायला सांगा, इतिहासाच्या बाईंना फार आनंद होईल.

सोनचाफा

बोरूबहाद्दर, काय उपकार केलेत सांगू, आत्ता व्हिसा काढून बघितला, आम्हा तिघांचा मल्टिपल आहे, हुश्श. दहीभात, तुझा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, तिनं "झेल्यानित्सा" वहीत लिहून ठेवलंय आणि तालीम म्हणून सारखं म्हणतेय. पायपीट, दोन रात्री नक्की केल्या, दुब्रोवनिक पाचाचं तीन. आजूबाजूचं लिहा ना.

आईचा अजून एक प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत: "पूल तर पडला होता, मग आता जो आहे तो खरा म्हणायचा का?" मला काही उत्तर देता आलं नाही.

खडू

आईंचा प्रश्न फार नेमका आहे. मी स्थापत्याचा विद्यार्थी होतो तेव्हा या पुलावर एक प्रोजेक्ट केला होता, नंतर तिथं जाऊनही आलो, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

मूळ पूल मिमार हायरुद्दिननं बांधला, तो गाजलेला ऑटोमन वास्तुकार सिनान याचा शिष्य. ऑटोमन सुलतान सुलेमानच्या काळात काम सुरू झालं, १५५७ ते १५६६. एकच कमान, साधारण २९ मीटरची, मध्ये एकही खांब नाही. अशी कमान टिकेल यावर तेव्हा कुणाचा विश्वास नव्हता असं म्हणतात, आणि लोककथा अशी की पूल पडला तर डोकं उडवीन असं सुलतानानं बजावल्यामुळे आधार काढायच्या दिवशी हायरुद्दिननं स्वतःची कबर खणून ठेवली होती. पूल मात्र ४२७ वर्षं उभा राहिला. गावाचं नावच पुलावरून आहे, पूल राखणाऱ्यांना "मोस्तारी" म्हणायचे.

युद्धाचं नीट समजून घेतलं तर गाव वेगळं दिसतं. १९९२ मध्ये युगोस्लाव्ह सैन्याविरुद्ध मोस्तारचे बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातले मुस्लिम) आणि क्रोएट (तिथले कॅथलिक) एकत्र लढले, आणि १९९३ मध्ये तेच एकमेकांवर उलटले. गाव मधोमध तुटलं, बुलेवार नावाचा रस्ता ही आघाडी झाली. पूर्वेकडचे लोक नदीच्या काठाच्या चिंचोळ्या पट्टीत अडकले, तोफा वर डोंगरावर. पुलावर लोकांनी टायर आणि पत्रे लटकवले होते, पूल वाचावा म्हणून. ९ नोव्हेंबर १९९३ ला सकाळी सव्वादहाच्या सुमारास तो क्रोएट सैन्याच्या रणगाड्याच्या माऱ्यानं नदीत कोसळला. त्याचं व्हिडिओ चित्रण आहे, पुलाजवळच दाखवतात. मी ते बघितलं तेव्हा आजूबाजूला सगळे एकदम गप्प झाले होते.

आता "खरा का" याचं उत्तर. नदीतून पडलेले दगड हंगेरीच्या सैन्यातल्या डायव्हर लोकांनी बाहेर काढले होते. पण ते इतके फुटलेले होते की परत वापरता आले नाहीत. मग त्याच भागातल्या खाणीतून तेनेलिया नावाचा तोच फिकट चुनखडीचा दगड काढला, हातानं घडवला, आणि दगड एकमेकांना जोडायला जुन्याच पद्धतीनं लोखंडी पट्ट्या बसवून वर वितळलेलं शिसं ओतलं. २३ जुलै २००४ ला पूल उघडला, २००५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. कमानीचा आकार तोच, दगड तोच, हात वेगळे. मला स्वतःला तो खरा वाटतो, कारण ज्या कारणासाठी तो बांधला होता तेच काम करतोय, आणि त्याखालून तीच नदी जाते. पण आईंनी पुलावर उभं राहून स्वतः ठरवावं, तिथं उत्तर सापडणं जास्त चांगलं.

पुलाच्या पूर्व टोकाच्या तारा बुरुजात म्युझियम आहे, तिथं हे सगळं नीट मांडलंय, पण जिने आहेत. पायऱ्या नको असतील तर ब्राचे फेयिचा रस्त्यानं काराजोझ बेगच्या मशिदीपर्यंत (१५५७) चालत जा, सपाट आहे. मशिदीशेजारच्या दफनभूमीत थांबा. एकेकाळी बाग होती ती. कबरींवर जन्माची सालं वेगवेगळी आहेत, मृत्यूचं साल मात्र जवळपास सगळ्यांवर एकच, १९९३. तिथं फोटो काढले नाहीत मी.

पश्चिमेकडे स्पॅनिश चौकात नारिंगी-पिवळी पट्ट्यांची गिमनाझिया नावाची देखणी शाळा आहे, ऑस्ट्रो-हंगेरियन काळातली. आजही एकाच इमारतीत दोन वेगळे अभ्यासक्रम चालतात, मुलं एकाच दारानं येतात आणि वेगळ्या वर्गांत जातात. शिक्षिका असलेल्या माणसाला हे बघून काय वाटेल मला माहीत नाही, पण त्यांना सांगा नक्की.

उनाडपक्षी

मी थोडं वेगळं मत देतो. आम्ही जुलैमध्ये गेलो, डे ट्रिपच, आणि आम्हाला पुरलं. पण आमचं कारण ऊन होतं, मोस्तार हे त्या भागातलं भाजून काढणारं गाव आहे, १९०१ च्या जुलैमध्ये तिथं ४६.२ डिग्री नोंदलं गेलंय आणि आम्ही गेलो तेव्हाही चाळीसच्या घरात होतं, दुपारी दगडी रस्ते तव्यासारखे तापतात. सप्टेंबरअखेर हा त्रास नसेल त्यामुळे तुम्ही राहा. तेव्हा डाळिंबं आणि अंजिरंही पिकलेली असतात.

पायपीट

आजूबाजूचं. सगळं एका दिवसात कोंबू नका, ड्रायव्हरसकट गाडी ठरवा, तिघांत परवडते.

ब्लागाय मोस्तारपासून १२ किलोमीटर, लोकल बसनंही जाता येतं. जवळजवळ २०० मीटर उंच सरळ कडा, त्याच्या पायथ्याला गुहा, आणि त्या गुहेतून बुना नदी अख्खीच्या अख्खी बाहेर येते. ओढा वगैरे नाही, नदी. युरोपातल्या सर्वात मोठ्या अशा झऱ्यांपैकी आहे हा. कड्याला टेकून दर्वेशांचा (सूफी फकिरांचा) मठ आहे, "तेकिया" म्हणतात, सोळाव्या शतकात उभा राहिलेला. आपल्याकडे फकिराच्या जागेला तकिया म्हणतात ना, तोच शब्द. आत जायला बूट काढायचे, बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यायची. पण सगळ्यात सुंदर तो समोरच्या काठावरून दिसतो, छोटा पूल ओलांडून तिकडे जा, आईंना पाण्याजवळ खुर्ची मिळेल आणि त्या तिथून उठणार नाहीत. आम्ही दीड तास बसलो होतो, पाण्याची थंड हवा अंगावर येत राहते.

पोचितेल दक्षिणेला नेरेत्वाच्या काठावर, डोंगराच्या उतारावर रचलेलं दगडी गाव, १५६३ ची मशीद आणि वर किल्ल्याचा बुरुज. इथं गुडघ्यांचं खरं नाही, सगळ्या पायऱ्या आणि त्या पण वाकड्यातिकड्या. आईंनी खाली डाळिंबाचा ताजा रस प्यावा, तुम्ही दोघं अर्ध्या तासात वर जाऊन या.

क्राविका धबधबा पंचवीसेक मीटर उंच, रुंद, छान आहे, पण खाली जायला बऱ्याच पायऱ्या, आणि उन्हाळ्याच्या शेवटी पाणी कमी होतं. मी तुमच्या जागी असतो तर सोडला असता.

त्याऐवजी रादिम्ल्या बघा, स्तोलात्स गावापासून ३ किलोमीटर. कुणी फारसं लिहीत नाही त्याच्याबद्दल. मध्ययुगातले मोठमोठे कोरीव दगड, स्तेचाक म्हणतात, कबरीवरचे, १३३ आहेत एका ठिकाणी, २०१६ पासून युनेस्कोच्या यादीत. रस्त्याच्या कडेलाच, एकदम सपाट जमीन, गुडघ्यांना काही त्रास नाही. एका दगडावर एक माणूस उजवा हात वर करून उभा आहे, आणि तो पंजा त्याच्या चेहऱ्यापेक्षाही मोठा कोरलाय. तो हात म्हणजे नक्की काय यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, नमस्कार, शपथ, थांबा, काहीही असू शकतं.

आणि परत दुब्रोवनिकला जाताना समुद्राच्या रस्त्यानं न जाता स्तोलात्स, ल्युबिन्ये, त्रेबिन्ये असं आतून जा. रादिम्ल्या वाटेतच लागेल, त्रेबिन्येत चिनाराच्या झाडाखाली कॉफी होईल आणि १५७४ चा आर्सलानागिच पूल बघून होईल. गाडी भाड्यानं घेतलीत तर बोस्नियात न्यायची परवानगी आणि ग्रीन कार्ड (गाडीचा परदेशात चालणारा विमा) कागदावर मागून घ्या, तोंडी हो म्हटलेलं बॉर्डरवर चालत नाही.

सोनचाफा

ठरलं! दोन रात्री मोस्तार, परत येताना रादिम्ल्या आणि त्रेबिन्ये. आईनं दगडाचा फोटो बघितला आणि पहिल्यांदाच म्हणाली की पाटी वाचायची नाही, आधी नुसतं बघायचं. गाडीवाल्याला आत्ताच मेल टाकलाय, ग्रीन कार्डचं पहिल्याच ओळीत लिहिलंय. दहीभात, पालकाचा तो पदार्थ सकाळी किती वाजता संपतो म्हणालीस?

दहीभात

मला साडेदहाला एकच तुकडा मिळाला होता, आठच्या आत जा :) आणि आईंसाठी दोन घ्या.